किती वॅटची मोटर?

"किती वॅटची?"

आमच्या हॉस्टेलवर कुणी मोटर आणली की पहिला प्रश्न हाच. कशासाठी आणलीस, काय फिरवणार आहेस, हे नंतर. आधी वॅट! मुलांच्या हॉस्टेलवर बाइकचे सीसी विचारतात ना, तसंच. आणि आकडा लहान सांगितला की समोरच्याचा चेहरा असा होतो, जणू काही आपल्याला केटी लागलीय!

मागच्या सेमिस्टरला मी तीन सर्वो मोटरी आणल्या. दोनशे वॅटच्या. खोका उघडून माझी रूम पार्टनर म्हणाली, "दोनशे? फक्त?" त्या "फक्त"चं उत्तर मला तेव्हा नीट देता आलं नाही. म्हणून हा लेख.

आधीच एक कबूल करून टाकते. माझी शाळा कॉन्व्हेंटची. मराठी घरात बोलले, शाळेत मार्कांपुरतं लिहिलं. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका मराठी विभागाच्या संपादकांनी काढलेल्या आहेत. बाकी ज्या उरल्या असतील त्या माझ्या. आणि टॉर्कला "आघूर्ण" वगैरे म्हणायला सांगू नका, मी टॉर्कच म्हणणार.

तर माझं घर नृसिंहवाडीचं. नरसोबाची वाडी म्हटलं की तुम्हाला पेढे, बासुंदी आणि कवठाची बर्फी आठवत असेल. आपल्यातले बरेच जण रिझल्टच्या आधी तिथं नारळ घेऊन येतात हेही मला माहीत आहे! आमच्या घरी खाली काकांचं सुतारकामाचं दुकान आणि वर माडी. काका देवघरं, चौरंग, पाट बनवतात. दर्शनाला आलेली माणसं जाता जाता देवघराची ऑर्डर देऊन जातात, त्यावर घर चालतं. देवघराच्या दारावर कमळ, वेलबुट्टी, कधी औदुंबराची पानं. हे सगळं कोरीव काम काका पटाशीनं हातानं करायचे. आता त्यांची बोटं सकाळी उठल्यावर मिटत नाहीत. डॉक्टरांनी "काम कमी करा" म्हणून सांगितलं. सुताराला हे सांगणं सोपं आहे, पण त्यानं ते करायचं कसं?

आणि दुसरी गोष्ट पाण्याची. वाडी कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर. पावसाळ्यात नदी देवळात येते, पादुकांवरून पाणी वाहून दक्षिणेकडच्या दारानं बाहेर पडतं, त्याला आम्ही दक्षिणद्वार सोहळा म्हणतो. लोक लांबून त्या पाण्यात स्नानाला येतात. पाणी आलं म्हणून सोहळा करणारं आमचं गाव! पण २०१९ च्या ऑगस्टमधलं पाणी सोहळ्याचं नव्हतं. २००५ चा महापूर मी फक्त ऐकलाय, २०१९ चा पाहिलाय. काकांचं रंधा मशीन, करवतीची मोटर, लाकडाच्या चळती, सगळं पाण्यात गेलं. पाणी ओसरलं तेव्हा मोटरींच्या आत बोटभर गाळ होता. रिवाइंडिंगला किती पैसे गेले ते काकांनी घरात कुणालाच सांगितलं नाही. २०२१ च्या जुलैमध्ये पाणी पुन्हा आलं, तेव्हा जे उचलता आलं ते माडीवर नेलं होतं.

म्हणून मी सेकंड इयरच्या सुट्टीत ठरवलं, काकांसाठी एक सीएनसी राउटर बनवायचा. कॉम्प्युटरवर नक्षी काढायची, मशीननं लाकडात कोरायची. तयार मशीन का नाही घेतलं? एक तर पैसे. दुसरं म्हणजे तयार मशीनचं वजन इतकं, की पूर आला तर ते सोडूनच पळावं लागलं असतं. शेजारचे हसले, "घरात कुठं मशीन बनतंय व्हय!" मी मनात म्हटलं, बाबूराव पेंटरांनी १९१८ मध्ये कोल्हापुरात सिनेमाचा कॅमेरा स्वतः बनवला, मग मी निदान एक राउटर तरी बनवीन.

पहिलं मशीन स्टेपर मोटरींवर बनलं. ज्यांची ब्रँच वेगळी आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. स्टेपर मोटरला आपण एक पल्स दिली की ती एक पाऊल फिरते. साध्या स्टेपरची २०० पावलं म्हणजे एक फेरी. एक पाऊल फिर म्हटलं की फिरते, हजार म्हटलं की हजार. स्वस्त, साधी आणि आज्ञाधारक. फक्त एकच गोष्ट ती करत नाही. फिरता आलं नाही, तर ते सांगत नाही. आपण हजार पल्स दिल्या, ती नऊशे साठच फिरली, तरी कंट्रोलरच्या हिशेबात हजारच. वर्गात मागच्या बाकावरून प्रॉक्सी लागावी, तसं!

मशीन चालायला लागलं. घरात सगळे खूष. दत्तजयंतीच्या आधी एक देवघर द्यायचं होतं, दोन दारं, दोन्हींवर कमळ. एका दाराला मशीनचे सात तास. पहिलं दार सुरेख झालं. दुसरं दार लावून मी माडीवर ओरलचा अभ्यास करत बसले. दुपारी काका जिन्यातून म्हणाले, "पोरी, ती पलीकडची मोटर कण्हायला लागलीया बघ. आवाज बदललाय तिचा."

मी खाली न येताच म्हटलं, "काका, स्टेपरचा आवाज असाच असतो."

सातव्या तासाला खाली आले. स्क्रीनवर सगळे आकडे बरोबर होते. जॉब पूर्ण, एरर शून्य. आणि दारावर कमळ मधोमध कापल्यासारखं, खालचा अर्धा भाग चार मिलिमीटर बाजूला सरकलेला. सागवानाची फळी, जुनी, काकांनी दोन वर्षं जपून ठेवलेली. पावलं कुठे चुकली ते पाकळ्यांवरून दिसत होतं. काका बोलले होते, बरोबर त्याच सुमाराला. त्यानंतर दोन तास मशीन मन लावून चुकीच्या जागी बरोबर काम करत होतं.

काका रागावले नाहीत. "लाकूड काय परत येत न्हाई," एवढंच म्हणाले. मग चार रात्री बसून त्यांनी नवीन दार हातानं कोरलं. ज्या बोटांसाठी मी मशीन बनवलं, त्याच बोटांनी. गिऱ्हाइकाला देवघर वेळेवर मिळालं. मी त्या चार रात्री अभ्यासाचं पुस्तक उघडं ठेवून खालचा पटाशीचा आवाज ऐकत होते.

नंतर चूक शोधली, ती माझीच निघाली. माझ्या स्टेपरवर ३ न्यूटन-मीटर लिहिलेलं होतं. मला वाटलं, भरपूर झालं. पण हा आकडा उभ्या मोटरीचा! ती जागेवर थांबलेली असताना तिला हलवायला किती जोर लागेल, त्याचा. वेग वाढला की स्टेपरचा टॉर्क उतरत जातो. मी स्क्रू घेतला होता ५ मिलिमीटर लीडचा, आणि रिकामं फिरण्याचा वेग ठेवला होता मिनिटाला ६ मीटर. म्हणजे मोटरीच्या मिनिटाला १२०० फेऱ्या. त्यात सप्लाय होता २४ व्होल्टचा. इतक्या वेगात एवढ्या कमी व्होल्टेजवर कॉइलमध्ये करंट पुरता चढायच्या आतच पुढची पल्स येते. मग ३ न्यूटन-मीटरमधलं हातात फार थोडं उरतं. त्या दिवशी भुसा नटमध्ये जमला, घर्षण वाढलं आणि ते थोडंही पुरलं नाही.

मी ४८ व्होल्टचा सप्लाय बसवला, वेग निम्म्यावर आणला, स्क्रूवर भुसा पडू नये म्हणून पडदा लावला. त्यानंतर एकही पाऊल चुकलं नाही. मग गोष्ट इथं संपायला हवी होती, नाही का?

पण संपली नाही. कारण सुट्टीत घरी गेले तेव्हा बघितलं, काका स्टूल घेऊन मशीनशेजारी बसलेले. सात तास, आवाज ऐकत. काकू सांगत होत्या, जेवायलासुद्धा उठत नाहीत, ताट तिथंच न्यावं लागतं. म्हणजे मी काकांचे हात सोडवले आणि कान बांधून ठेवले! मशीनवर त्यांचा विश्वास नव्हता, आणि का असावा? ज्या मशीननं एकदा तोंडावर खोटं सांगितलं, त्याच्यावर कोण विश्वास ठेवेल?

तेव्हा सर्वोचा विचार सुरू झाला. आणि लगेच सल्ले सुरू झाले. एक सीनियर म्हणाले, "साडेसातशे वॅट घे, डोळे झाकून." दुसरा म्हणाला, "आता स्टेपरनं दगा दिला, मग डबल ताकदीची घे की." मलाही मोह झाला. काकांनी साठवलेले पैसे पुढे ठेवले होते आणि म्हणाले होते, "तू म्हणशील ती घ्यायची." ते वाक्य नसतं ना, तर मी खरंच साडेसातशे वॅटच्या घेतल्या असत्या. पण दुसऱ्याच्या आयुष्यभराच्या पैशानं डोळे झाकून घेता येत नाही. म्हणून मशीन डिझाइनचं पुस्तक काढलं. परीक्षेखेरीज पहिल्यांदाच!

हिशेब असा. गँट्री आणि स्पिंडल धरून हलणारं वजन ३० किलो. वेग पकडताना त्वरण २ मीटर प्रति सेकंद वर्ग, म्हणजे ६० न्यूटन. लाकडाचा विरोध ५० न्यूटन धरला, घर्षण ४०. एकूण १५० न्यूटन, म्हणजे साधारण १५ किलोचं ओझं. ५ मिलिमीटर लीडचा बॉलस्क्रू, कार्यक्षमता ९० टक्के. टॉर्क आला ०.१३ न्यूटन-मीटर. मी तीनदा तपासलं. बाटलीचं झाकण फिरवायलाही कधी कधी याहून जास्त जोर लागतो!

मग लक्षात आलं, मी स्क्रू आणि रोटर विसरले. १६ मिलिमीटर जाडीचा, एक मीटर लांबीचा लोखंडी स्क्रू आणि मोटरीचा स्वतःचा रोटर, हेही वेगात आणावे लागतात. तो हिशेब केला तर आले सुमारे ०.२० न्यूटन-मीटर. म्हणजे गँट्री ढकलण्यापेक्षा मोटर आणि स्क्रू स्वतःला फिरवण्यातच जास्त जोर घालवतात. एकूण ०.३३. त्याची दुप्पट धरली तरी ०.६६.

आता सर्वोचा टॉर्क काढायचा तर वॅटला कोनीय वेगानं भागा. मिनिटाला ३००० फेऱ्या म्हणजे सेकंदाला ३१४ रेडियन. २०० वॅटची मोटर सतत ०.६४ न्यूटन-मीटर देते, आणि थोड्या वेळासाठी साधारण तिप्पट. शिवाय स्टेपरसारखा तिचा टॉर्क वेगाबरोबर उतरत नाही, ३००० फेऱ्यांपर्यंत जवळपास तसाच राहतो. ७५० वॅटची देते २.४. मला हव्या असलेल्याच्या सातपट! आणि मोठ्या मोटरीचा रोटरही मोठा, म्हणजे ती मिळवलेल्या ताकदीतला बराच भाग आधी स्वतःलाच फिरवण्यात खर्च करणार. शिवाय किंमत जास्त, वजन जास्त. आणि ३००० फेऱ्यांचा तरी उपयोग काय? माझा मीटरभर लांबीचा स्क्रू २००० च्या आसपासच दोरीउडीच्या दोरीसारखा थरथरायला लागतो. मोटर पळेल हो, स्क्रू नाही पळणार.

म्हणजे खरं बोलायचं तर ताकदीसाठी मला सर्वोची गरजच नव्हती. ४८ व्होल्टवरचा माझा स्टेपर पुरेसा होता. सर्वो घ्यायची ती ताकदीसाठी नाही, हे त्या रात्री मला समजलं. सर्वो घ्यायची ती एकाच कारणासाठी. ती चुकली तर तिला कळतं.

सर्वोच्या शेपटाला एन्कोडर असतो. मोटर खरोखर किती फिरली, ते तो सतत मोजतो आणि ड्राइव्हला सांगतो. ड्राइव्ह "सांगितलं किती" आणि "झालं किती" यातला फरक काढतं आणि तो भरून काढायला करंट वाढवतं. तरीही फरक ठरवलेल्या मर्यादेबाहेर गेला तर ते अलार्म देऊन थांबतं. "मला जमत नाहीये" असं म्हणणारी मोटर! सर्वो हा शब्द लॅटिनमधल्या दासावरून आलाय, १८७० च्या दशकात फ्रान्समध्ये जहाजाचं सुकाणू फिरवणाऱ्या यंत्रापासून तो रूढ झाला. १९५२ मध्ये अमेरिकेत एमआयटीनं संख्यांच्या आज्ञेवर चालणारं मिलिंग मशीन दाखवलं, त्या प्रयोगशाळेचं नावच सर्वोमेकॅनिझम्स लॅबोरेटरी होतं. दास म्हटलं की आपल्याला "होय महाराज" म्हणणारा आठवतो. खरा दास मात्र तो, जो म्हणतो, "महाराज, हे झालं नाही."

हे फार परकं वाटत असेल तर आमच्या वाडीपासून जवळच इचलकरंजी आहे. तिथल्या मागावर उभे राहून बघा. आडवा धागा तुटला की माग आपोआप थांबतो. एक छोटा काटा धागा आहे की नाही हे प्रत्येक फेऱ्याला चाचपून बघतो. जपानच्या साकिची टोयोडांनी १९२४ मध्ये जो स्वयंचलित माग आणला, त्याचीही मोठी गोष्ट हीच होती. धागा तुटला की थांबायचं, खराब कापड विणत बसायचं नाही. मागवाल्याला मागाजवळ डोळे लावून बसावं लागत नाही, म्हणून एक माणूस अनेक माग सांभाळतो. काकांना नेमकं हेच हवं होतं.

एकदा हे पक्कं झाल्यावर कॅटलॉग वाचायला मजा यायला लागली. कारण कुठला आकडा आपल्यासाठी आहे आणि कुठला दुकानदारासाठी, ते दिसायला लागलं. कुणाला उपयोग झाला तर म्हणून माझे निकष देते.

पहिला, एन्कोडरचं रिझोल्युशन. १७ बिटच्या एन्कोडरवर एका फेरीचे १,३१,०७२ भाग. माझ्या स्क्रूवर एक भाग म्हणजे मिलिमीटरचा साधारण सव्वीस हजारावा हिस्सा. आणि सागवानाची रुंद फळी वाडीच्या पावसाळी हवेत मिलिमीटरभर सहज फुगते! उलट जास्त पल्सचा तोटा होतो. अर्ड्युइनोवर चालणारा जीआरबीएल हा साधा कंट्रोलर सेकंदाला ३० हजारांच्या आसपासच पल्स देऊ शकतो. एका फेरीला १० हजार पल्स ठेवल्या आणि १२०० फेऱ्या मागितल्या तर सेकंदाला दोन लाख लागतील. मी ड्राइव्हमध्ये एका फेरीला १००० पल्स ठेवल्या. एक पल्स म्हणजे ०.००५ मिलिमीटर, लाकडाला हेही फार झालं.

दुसरा, ब्रेक. हे कुणी आधी सांगत नाही. सर्वो मोटर करंट आहे तोवरच जागा धरून ठेवते. लाइट गेली की हात सोडते. आणि बॉलस्क्रू इतका सैल फिरतो, की उभ्या अक्षावरचा स्पिंडल स्वतःच्या वजनानं खाली घसरतो, कटर अजून फिरत असताना! आमच्याकडे लाइट कधी जाईल याचं वेळापत्रक देवालाच ठाऊक. म्हणून उभ्या अक्षाला ब्रेकवाली मोटर घेतली. लाइट गेली की स्प्रिंगनं ब्रेक बसतो. थोडे पैसे जास्त गेले, पण त्या कटरखाली काकांचे हात असतात.

तिसरा, पूर. कॅटलॉगमध्ये आयपी ६५ वाचून मी खूष झाले होते, वाटलं पाण्याची काळजी मिटली. मग अर्थ वाचला. आयपी ६५ म्हणजे धूळ आत जात नाही आणि पाण्याची फवारणी सोसते. बुडणं त्यात नाही. आयपी ६७ सुद्धा मीटरभर पाण्यात अर्धा तास. कृष्णामाई अर्ध्या तासासाठी येत नाही! म्हणून पुरापासून वाचायचा एकच उपाय, उचलणे. दुकानाच्या भिंतीवर काकांनी खडूनं लिहून ठेवलंय, "पाणी आलं तर अर्ध्या तासात माडीवर." मोटरी हलक्या, चार बोल्टांवर, वायरींना प्लग, आणि तिन्ही ड्राइव्ह एकाच पेटीत, पेटीला कडी. आम्ही घड्याळ लावून करून बघितलं, काकू आणि मी मिळून सव्वीस मिनिटं. साडेसातशे वॅटच्या असत्या तर जिन्यातच दमलो असतो.

आणि चौथा निकष, ज्यासाठी खरं तर हा लेख लिहितेय. अलार्मची वायर.

मोटरी बसवल्या, थर्मोकोलवर ट्रायल लावली. आणि मुद्दाम गँट्रीच्या वाटेत लाकडाचा ठोकळा ठेवला. ठरल्याप्रमाणे ती मोटर थांबली, ड्राइव्हच्या छोट्या पडद्यावर अलार्म आला. मी टाळी वाजवली. आणि बघते तर काय, बाकीच्या दोन मोटरी आपल्या कमळ कोरतच होत्या! कंट्रोलरला काही पत्ताच नव्हता. कारण एन्कोडर बोलतो ड्राइव्हशी, आणि ड्राइव्हकडून कंट्रोलरकडे जाणारी अलार्मची वायर मी जोडलीच नव्हती. इतके पैसे घालून मी पुन्हा तेच मशीन बनवलं होतं. फरक एवढाच, की यावेळी चूक एका पेटीला कळत होती आणि ती पेटी स्वतःशीच बोलत होती.

मग तिन्ही ड्राइव्हच्या अलार्म वायरी कंट्रोलरच्या स्टॉपला जोडल्या. त्या अशा, की वायर तुटली तरी मशीनला अलार्मच वाटावा. वर लाल दिवा लावणार होते. काका म्हणाले, "दिवा नको, घंटा लाव. मी काय दिव्याकडं बघत बसू व्हय?" घंटा लावली.

आता तुमच्यापैकी काही जण म्हणतील, एवढं कशाला? आमच्या सरांनीही विचारलं, स्टेपर पुरत होती ना? बरोबर आहे सर. तुम्ही मशीनजवळ उभे असाल, जॉब अर्ध्या तासाचा असेल, मटेरियल स्वस्त असेल, तर स्टेपरच घ्या. उगीच सर्वो घेऊन भाव खाऊ नका. एन्कोडर लावलेली स्टेपरही मिळते, तीही चालेल. माझं म्हणणं सर्वोच घ्या असं नाहीच. माझं म्हणणं, "किती वॅट" विचारायच्या आधी "चुकलं तर कळणार कसं, आणि कळलं तर ऐकणार कोण" हे विचारा.

आणि हे फक्त मोटरीपुरतं खरं नाही, असं मला अलीकडे वाटायला लागलंय. आपण प्रत्येक सेमिस्टरच्या शेवटी फीडबॅक फॉर्म भरतो. गोल काळे करतो, गठ्ठा ऑफिसात जातो. त्याची वायर पुढे कुठे जोडलीय, कुणाला माहीत आहे? हॉस्टेलच्या तक्रार वहीत कूलरची तक्रार तीन वेगळ्या अक्षरांत लिहिलेली मी वाचलीय. पेटी स्वतःशीच बोलतेय! पण सगळा दोष स्टाफवर टाकून मोकळी होणार नाही. सर वर्गात थांबून विचारतात, "समजलं का?" आणि साठ जण एका सुरात म्हणतात, "हो सर!" समजलेलं असतं पाच जणांना. मग सर पुढचा टॉपिक घेतात, त्यात त्यांची काय चूक? आपण एन्कोडर आहोत आणि खोटा आकडा पाठवतोय. शेवटी रिझल्ट लागतो तेव्हा कमळ चार मिलिमीटर सरकलेलं असतं. मी स्वतः मॅथ्स थ्रीला अशीच "हो सर" म्हणत बसले होते. पुढचं सांगत नाही!

आणि मी काकांना जे उत्तर दिलं होतं, "आवाज असाच असतो", ते तरी काय होतं? चाळीस वर्षं यंत्राचा आवाज ऐकणारा माणूस सांगत होता. माझ्या घरात एन्कोडर होता, त्याची वायर मी जोडली नव्हती. कॉन्व्हेंटच्या इंग्रजीत आणि इंजिनीअरिंगच्या पुस्तकात मला असं वाटायला लागलं होतं, की जिन्यातून येणाऱ्या मराठीत डेटा नसतो.

प्रोजेक्टच्या ओरलला एक्स्टर्नल सरांनी पहिला प्रश्न विचारला, "मोटर किती वॅटची?" मी सांगितलं. त्यांनी पुढचा प्रश्न विचारावा म्हणून वाट बघत होते, "चुकलं तर कसं कळतं?" तो आला नाही. सरांना राग येणार नसेल तर एक विनंती आहे, यापुढे प्रत्येक प्रोजेक्टला तो विचारा. रेडिमेड आणलेले किती आणि स्वतः केलेले किती, एका मिनिटात कळेल. ज्यानं केलंय, त्याला कुठं चुकलं होतं ते पाठ असतं.

मागच्या महिन्यात घरी गेले होते. मशीनवर दार लावलेलं, पाच तास झालेले, आणि स्टूल रिकामं. काका संध्याकाळच्या आरतीला गेले होते. काकू भाजी निवडत बसल्या होत्या. मी काही विचारायच्या आत घंटा वाजली. मशीन थांबलेलं, सगळं जागच्या जागी. लाकडाचा एक ढलपा गँट्रीखाली अडकला होता. काढला, शून्य पुन्हा जुळवलं, जिथं थांबलं होतं तिथून चालू केलं. कमळाला ओरखडासुद्धा नाही. काका आल्यावर त्यांना सांगितलं. त्यांनी दारावरून हात फिरवला आणि म्हणाले, "बोलली की गं ती!"

तर मंडळी, दोनशे वॅट. फक्त! बघा, पटतंय का. आणि पटलं नाही तर तेही सांगा. मी लेडीज हॉस्टेललाच आहे, यावेळी नक्की ऐकीन.